लढणे आणि काढणे : कर्करोगाच्या उपचारकाळातील संथ दिवसांचे कथन

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांतील निधनवार्ता वाचताना एक वाक्प्रयोग वारंवार दृष्टीस पडतो. दिवंगत व्यक्तीची ‘कर्करोगाशी सुरू असलेली झुंज’ संपलेली असते किंवा अपयशी ठरलेली असते. रोगी बरा झाला असेल तर त्याने ‘कर्करोगावर मात’ केलेली असते. मधुमेहाने किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने गेलेल्या माणसाच्या वाट्याला ही युद्धाची भाषा तुलनेने कमी येते. कर्करोग म्हटला की रोग्याला योद्धा करावेच लागते, असा एक अलिखित संकेत आपल्या सार्वजनिक गद्याने स्वीकारलेला दिसतो.

याच मराठीत आजारपणासाठी आणखी एक क्रियापद आहे आणि ते पुष्कळ जुने, घरातले आहे : ‘काढणे’. माणूस मोठे दुखणे काढतो, दिवस काढतो, रात्र बसून काढतो. घरातील सून सासऱ्यांचे आजारपण काढते, बहीण भावाचे काढते. या क्रियापदात शत्रू नाही, रणांगण नाही, जयपराजय नाही. त्यात काळ आहे आणि तो पार करण्याचे श्रम आहेत. शिवाय येथे कर्ता दर वेळी रोगीच असेल असे नाही. एकाचे दुखणे दुसरा काढू शकतो, ही शक्यता ‘लढणे’ या क्रियापदात जवळजवळ नाही.

कर्करोगाविषयीचे आपले बहुतेक कथन ‘लढण्या’च्या व्याकरणात रचलेले असते, तर प्रत्यक्ष उपचारकाळातील बहुसंख्य दिवस ‘काढण्या’चे असतात. या दोहोंमधील अंतर वाङ्मयीन आहे आणि त्याचे परिणाम मात्र वाङ्मयापुरते राहत नाहीत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते तपासण्यासाठी ऑद्रे लॉर्ड यांचे ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) आणि अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांची ‘कॅन्सर वॉर्ड’ (१९६८) या दोन कृतींचा प्रामुख्याने विचार केला असून, अखेरीस ‘श्वास’ (२००४) या मराठी चित्रपटाच्या निमित्ताने आपल्याकडील स्थितीकडे पाहिले आहे.

संथ दिवसांचे स्वरूप

‘उपचार’ आणि ‘विश्रांती’ हे एकामागून एक येणारे दोन टप्पे आहेत, असा सर्वसाधारण समज असतो. कर्करोगाच्या बाबतीत तो खरा नाही. केमोथेरपीची अनेक औषधे साधारणतः तीन आठवड्यांच्या आवर्तनांनी दिली जातात. औषधाने रोगपेशींबरोबर अस्थिमज्जेतील झपाट्याने वाढणाऱ्या निरोगी पेशीही मारल्या जातात आणि त्यांना पुन्हा उभे राहण्यास अवधी द्यावा लागतो. पहिल्या-दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पांढऱ्या पेशींची संख्या तळाला जाते, मग हळूहळू चढते. ती पुरेशी चढली की पुढील मात्रा. म्हणजे शरीर जरा सावरले की ते पुन्हा पाडायचे, असा हा क्रम असतो. रेडिएशनची पद्धत वेगळी आहे. आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येक वेळी काही मिनिटे, असे ते कित्येक आठवडे चालते आणि त्याचा थकवा साचत जातो. उपचार संपल्यावरही तो काही आठवडे, कधी काही महिने टिकतो.

या दिवसांत घडत काय असते? बाहेरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने काहीच नाही. तोंडाला चव नसते, अंगात त्राण नसते, जिना चढताना मध्येच बसावे लागते. काल दोन घास गेले, आज तीन गेले. झोपेने थकवा जात नाही, हे या थकव्याचे वैशिष्ट्य रोग्याला कळते, पण भेटायला आलेल्यांना पटत नाही. ‘आता चेहऱ्यावर तेज दिसते हो’ असे ते म्हणतात आणि रोगी मान हलवतो.

कथनाच्या दृष्टीने हा मजकूर अडचणीचा आहे. निदान हा प्रसंग आहे. शस्त्रक्रिया हा प्रसंग आहे. मृत्यू किंवा ‘रिपोर्ट नॉर्मल’ हा शेवट आहे. ॲरिस्टॉटलने कथानकाला आदि, मध्य आणि अंत असावा असे म्हटले, पण त्याच्या लेखी मध्य म्हणजे आदीतून निघणारा आणि अंताकडे नेणारा दुवा. येथील मध्य कोठेच नेत नाही. तो पुनरावृत्तीचा आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मधील आपल्या ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात, प्रेम आणि युद्ध यांच्या बरोबरीने आजारपण हा साहित्याचा मोठा विषय का झाला नाही, असे आश्चर्य व्यक्त केले होते. त्या प्रश्नाचे एक उत्तर येथे सापडावे. आजारपणात विषयाची वाण नाही, कथानकाची आहे.

उत्साह आणि ग्लानी

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हाच मुद्दा अधिक नेमकेपणाने मांडता येतो. भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायी भाव उत्साह आहे. ‘झुंज’, ‘मात’, ‘हार न मानणे’ या शब्दांनी उभे राहणारे कर्करोगाचे कथन सरळसरळ उत्साहावर बांधलेले असते. याउलट उपचारकाळातील दिवसांना ज्या अवस्था व्यापतात, त्यांची नावे नाट्यशास्त्रात आहेत. मात्र ती स्थायी भावांत नसून तेहतीस व्यभिचारी किंवा संचारी भावांत आहेत. ग्लानी, श्रम, आलस्य, जडता, दैन्य, चिंता, निद्रा, खुद्द व्याधी, आणि त्यांच्याच पंक्तीत धृती.

संचारी भाव म्हणजे येऊन जाणारे, स्थायी भावाला पुष्टी देऊन ओसरणारे. वीररसाच्या कथेत नायकाला ग्लानी येऊ शकते, परंतु ती उत्साहाला उठाव देण्यापुरतीच. प्रस्तुत विषयात हा क्रम उलटा होतो. ग्लानी आणि श्रम मुक्कामाला येतात; उत्साहच कधीमधी, एखाद्या दुपारी, संचारी भावासारखा येऊन जातो. या निरीक्षणातून नवा रस सिद्ध करण्याचा मोह टाळलेला बरा. आपल्याकडे रसांची संख्या वाढवण्याचे प्रयत्न पुरेसे झाले आहेत. येथे प्रश्न इतकाच आहे की ज्या लेखकाला हे दिवस लिहायचे आहेत, त्याने उत्साहाचा स्थायी भाव बाहेरून आणून बसवला, तर त्याच्या हातून काय निसटते?

निसटते ते असे : वीरकथेच्या मापाने मोजल्यास संथ दिवस हा पराभवाचा दिवस ठरतो. अंथरुणातून न उठणारा रोगी ‘मनाने खचला’ असे म्हटले जाते. त्याच्या पांढऱ्या पेशी खाली आल्या आहेत, हे कारण पुरेसे वाटत नाही. त्याची इच्छाशक्ती तपासली जाते. सुसान सोंटाग यांनी ‘इलनेस ॲज मेटाफर’ (१९७८) मध्ये कर्करोगाभोवतीच्या लष्करी रूपकांवर जो आक्षेप घेतला, त्याचा गाभा हाच होता. रूपक रोगाला चिकटते आणि मग रोग्यालाच दोषी ठरवते. सोंटाग यांना स्वतःला सत्तरच्या दशकाच्या मध्यास स्तनाचा कर्करोग झाला होता; पुस्तकात मात्र त्याचा उल्लेख नाही. रूपके झाडून टाकण्याच्या आग्रहात त्यांनी स्वतःचे दिवसही झाडून टाकले, असे वाटते. त्यांचा युक्तिवाद धारदार आहे. पण जागा रिकामी केल्यावर तेथे काय लिहायचे, हे तो सांगत नाही.

ऑद्रे लॉर्ड : तारखांचे गद्य

ऑद्रे लॉर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री. सप्टेंबर १९७८ मध्ये त्यांच्या एका स्तनावर शस्त्रक्रिया होऊन तो काढण्यात आला. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेले ‘द कॅन्सर जर्नल्स’ हे पुस्तक आकाराने लहान आहे आणि रचनेने काहीसे विस्कळीत. एक प्रस्तावना, एक भाषण, दोन निबंध; आणि या सर्वांत मधूनमधून रोजनिशीतील तारीखवार नोंदी. समीक्षकांचे लक्ष सहसा निबंधांतील स्त्रीवादी मांडणीकडे जाते. माझ्या मते पुस्तकाचा कणा त्या नोंदींमध्ये आहे.

प्रस्तावनेतील नोंदी जानेवारी १९७९ पासून सुरू होतात, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी. जगाच्या हिशेबाने बाई तोवर बरी झालेली आहे. नोंदी मात्र वेगळे सांगतात. भीती एका नोंदीत ओसरते आणि पुढील नोंदीत परत येते. निराशा, कामाची ओढ, मग पुन्हा थकवा. एका तारखेवरून दुसऱ्या तारखेकडे जाताना प्रगती होईलच, याची हमी नाही. मधल्या कोऱ्या आठवड्यांत काय झाले, हेही सांगितलेले नाही. निबंधाने हे साधले नसते, कारण निबंधाला प्रतिपादन पुढे न्यावे लागते. रोजनिशीला तसे बंधन नाही. आज कालच्यासारखेच होते, असे ती निःसंकोचपणे म्हणू शकते. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांचे जे निबंधरूप वर्णन आहे, तेथेही लेखिका प्रथम आलेल्या बधिर उल्हासाची नोंद करते, मग भूल उतरल्यावर आलेल्या नाना तऱ्हांच्या वेदना वेगवेगळ्या करून मांडते. नसलेल्या स्तनात होणारी वेदनाही त्यांत आहे.

या पुस्तकातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग कृत्रिम स्तनाचा आहे. रुग्णालयात एक स्वयंसेविका येते, आस्थेने बोलते आणि लोकरीने भरलेली एक उशीवजा आकृती देऊन जाते. तिचा रंग लॉर्ड यांच्या त्वचेशी जुळत नाही, कारण ती गोऱ्या स्त्रीसाठी बेतलेली आहे. पुढे शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवशी त्या डॉक्टरांकडे टाके काढायला जातात, तेव्हा ती आकृती न लावता आल्याबद्दल परिचारिका त्यांना हटकते. येथील इतरांच्या मनोधैर्यावर परिणाम होतो, असे तिचे म्हणणे. लॉर्ड यांना मोशे दायान आठवतात. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या त्या इस्रायली सेनानीला काचेचा डोळा लावून या, असे कोणी सांगत नाही.

हा प्रसंग स्त्रीदेह आणि सौंदर्यकल्पना यांच्या संदर्भात पुष्कळदा शिकवला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याला काळाचेही एक अंग आहे. दहावा दिवस! टाके अजून ओले आहेत आणि बाईने काहीच घडले नसल्यासारखे दिसावे, अशी अपेक्षा आहे. कृत्रिम स्तन येथे संथ दिवस पुसून टाकण्याचे साधन होते. लॉर्ड यांचा नकार हा बरे होण्यासाठी लागणारा वेळ दृश्य ठेवण्याचा आग्रह आहे.

येथे एक अडचण मान्य केली पाहिजे. लॉर्ड स्वतः ‘योद्धा’ हा शब्द टाळत नाहीत; त्या तो अभिमानाने वापरतात. दाहोमीच्या स्त्रीसैनिकांचा त्यांना आधार वाटतो आणि एकस्तनी स्त्रियांचे सैन्य अमेरिकी काँग्रेसवर चालून गेले तर काय होईल, अशी कल्पना त्या करतात. मग आपला आक्षेप त्यांनाही लागू होत नाही का? मला तसे वाटत नाही. लॉर्ड यांचा शत्रू त्यांची गाठ नाही. त्यांचे युद्ध मौनाशी आहे, मांसासाठीच्या जनावरांना कर्करोगकारक संप्रेरके चारणाऱ्या उद्योगाशी आहे, रोग्याला खोटे हसू लावायला सांगणाऱ्या व्यवस्थेशी आहे. शरीराशी मात्र त्या लढत नाहीत. शरीराचे त्या ऐकतात, त्याला वेळ देतात आणि मैत्रिणींनी आपले आजारपण कसे काढले, याची तपशीलवार दाद देतात. लढणे आणि काढणे यांची ही वाटणी हे या पुस्तकाचे वेगळेपण आहे. पुढे १९८४ मध्ये यकृतात रोग आढळला, त्यानंतरच्या नोंदी ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ (१९८८) मध्ये आहेत. १९९२ मध्ये लॉर्ड यांचे निधन झाले. निधनवार्तेच्या भाषेत त्यांची झुंज अपयशी ठरली असे म्हणावे लागेल, आणि ते म्हणताच त्या भाषेचा पोकळपणा लक्षात येतो.

ताश्कंदचा वॉर्ड

लॉर्ड यांची रोजनिशी एका व्यक्तीची आहे. सोल्झेनित्सिन यांच्यापुढे प्रश्न कादंबरीचा होता. पाच-सहाशे पृष्ठे न घडण्याने कशी भरायची? त्यांनी स्वतः १९५४ मध्ये ताश्कंद येथे कर्करोगावर उपचार घेतले होते. कादंबरीचा काळ १९५५ चा. ती १९६८ मध्ये रशियाबाहेर छापली गेली आणि मायदेशी प्रकाशित होण्यास १९९० साल उजाडले. तिचे वाचन बहुधा राजकीय रूपक म्हणून होते : वॉर्ड म्हणजे सोव्हिएत देश, गाठ म्हणजे छावण्यांची व्यवस्था. हे वाचन चुकीचे नाही, परंतु त्यात वॉर्ड हरवतो. सोंटाग असत्या तर त्यांनी हेच म्हटले असते.

वॉर्डात दाखल झालेली माणसे वाट पाहतात. नायक ओलेग कोस्तोग्लोतोव्ह हा सुटलेला कैदी आणि हद्दपार माणूस. तो येतो तेव्हा खाट नसल्याने जमिनीवर पडून असतो. क्ष-किरणोपचारांच्या सुमारे बारा दिवसांनंतर त्याच्या वेदना शमतात आणि तेथून कादंबरीचा खरा विषय सुरू होतो : बरे वाटू लागलेल्या माणसाचे दिवस. त्याला लगेच बाहेर पडायचे आहे. डॉक्टर दोंत्सोवा यांना उपचार पूर्ण करायचे आहेत. मला पुरते बरे करू नका, थोडे जगू द्या, अशा आशयाचा त्याचा हट्ट आहे. उपचाराची किंमत काय, हे आधी सांगा, असा त्याचा प्रश्न आहे आणि संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी आपले पुरुषपण जाणार, हे कळल्यावर तो प्रश्न अधिकच टोकदार होतो. वीरकथेत या वादाला जागा नसते, कारण तेथे जगणे आणि जिंकणे एकच असते.

न घडण्याच्या चित्रणाचा उत्तम नमुना म्हणजे रक्त चढवण्याचे प्रकरण. कोस्तोग्लोतोव्ह टेबलावर पडून आहे, शेजारी डॉक्टर वेरा गांगार्त बसल्या आहेत. नळीतून रक्त थेंबाथेंबाने उतरते. छतावर फिकट उजेडाचा एक डाग थरथरतो आहे. तो कशाचा, हे त्याला आधी कळत नाही. मग ध्यानात येते की बाहेर साचलेल्या पाण्यावरून परावर्तित झालेले ते ऊन आहे. एवढेच. प्रतीक म्हणून लेखक तो डाग वाचकाच्या हाती कोंबत नाही. पडून राहणे ज्याला भाग आहे, त्याची नजर कुठे कुठे जाते आणि एका क्षुल्लक गोष्टीचा उलगडा हाच दिवसाचा जमाखर्च कसा होतो, हे त्या पानांत आहे. दीर्घ आजारपण काढलेल्या वाचकाला ही जागा ओळखीची वाटेल.

वॉर्डातील सफाई कामगार एलिझावेता अनातोल्येव्हना हे छोटे पात्रही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. सुशिक्षित, हद्दपार, नवरा छावणीत. ती फरशी पुसते आणि मोकळ्या वेळात फ्रेंच कादंबऱ्या वाचते. वॉर्डाचे दिवस अशी माणसेही काढत असतात. सोल्झेनित्सिन त्यांना विसरत नाहीत. उलट, पक्षाचा अधिकारी रुसानोव्ह याच्याबाबत मात्र लेखकाचा तोल जातो असे मला वाटते. त्याच्या भीतीला सहानुभूती मिळते, पण ती हात आखडता घेऊन.

अखेरच्या दोन प्रकरणांत कोस्तोग्लोतोव्ह सुटतो. तो फुललेले जर्दाळूचे झाड शोधत जुन्या शहरात फिरतो. सकाळ अपूर्व आनंदाची आहे. दुपारपर्यंत मोठ्या दुकानाने, आरशाने आणि प्राणिसंग्रहालयाने तो आनंद झिजत जातो आणि संध्याकाळी तो गाडीत सामानाच्या फळीवर पालथा पडलेला असतो. ‘बरा होऊन घरी गेला’ या वाक्यात जे मावत नाही, ते या एका दिवसात आहे.

‘श्वास’ आणि आपल्याकडील मौन

भारतीय प्रेक्षकाच्या मनात कर्करोगाची कथा म्हटली की हृषीकेश मुखर्जी यांचा ‘आनंद’ (१९७१) येतो. त्यातील नायकाला आतड्याचा असाध्य कर्करोग आहे, परंतु उपचारांचा कंटाळवाणा क्रम चित्रपटात जवळपास नाही. उत्साह तेथे अखेरपर्यंत स्थायी राहतो. चित्रपटाची गोडी त्यातच आहे आणि त्याने निर्माण केलेले ओझेही. हसत हसत जाणारा रोगी हा तेव्हापासून आदर्श झाला.

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ निराळा आहे. कोकणातील एका लहान मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी जाईल. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आजोबा नातवाला रुग्णालयातून बाहेर नेऊन एक दिवस शहर दाखवतात. येथे झुंज नाही. आजोबा नातवाचे दुखणे काढत आहेत, या शब्दातच त्या दिवसाचे वर्णन करावे लागते. मराठीतील हे फार मोलाचे चित्रण आहे. तरीही एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. हा संथ दिवस शस्त्रक्रियेच्या आधीचा आहे. नंतरचे दिवस, म्हणजे अंधाराशी जुळवून घेताना ते मूल काय करत असेल, ड्रेसिंगच्या वेळी कोण जवळ बसत असेल, हे चित्रपट ओलांडून जातो आणि आपल्याला थेट परतीच्या होडीत नेतो. चित्रपटाची संवेदनशीलता निर्विवाद असूनही मध्याची अडचण त्यालाही चुकलेली नाही.

मराठीत रोगानुभवाची आत्मपर पुस्तके आहेत आणि त्यांची संख्या वाढते आहे. त्यांचे वाचन प्रेरणादायी साहित्य म्हणून होते, वाङ्मय म्हणून क्वचितच. अभ्यासक्रमात ती ‘व्यक्तिमत्त्व विकासा’च्या बाजूने शिरतात, आत्मचरित्राच्या अभ्यासात नाही. परिणामी, या पुस्तकांनी मधल्या दिवसांचे काय केले, ते दिवस सांगितले की ‘दिवस जात होते’ एवढ्यावर उरकले, हा साधा प्रश्नही त्यांना विचारला जात नाही.

आणखी एक वर्ग असा आहे की ज्याचे दिवस पुस्तकापर्यंत पोहोचतच नाहीत. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून देशभरातील रुग्णांचे ठिकाण आहे. दोन केमोंच्या मधले तीन आठवडे विदर्भातील किंवा बिहारमधील कुटुंबाने कोठे काढायचे? गावी जाऊन परत येणे परवडत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर तेथे, नाही तर रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर. लॉर्ड यांना मैत्रिणी होत्या, कोस्तोग्लोतोव्हला निदान खाट मिळाली. या माणसांचा संथ दिवस स्टोव्ह, पाण्याची बाटली आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी यांच्या सोबतीने जातो.

मात्र या दिवसांची लिखित नोंद अजिबात नसते, असे नाही. कर्करोगाच्या रुग्णाच्या प्लास्टिकच्या पिशवीत फाईलसोबत पुष्कळदा एक शाळकरी वही असते. तीत बायको, मुलगा किंवा पुतण्या तारीख घालून लिहीत असतो : ताप किती, उलट्या किती वेळा, पेशींचा आकडा, पेज घेतली की नाही, कोणाकडून किती उसने आणले. ही वही डॉक्टरांना दाखवण्यासाठी असते आणि उपचार संपल्यावर बहुधा रद्दीत जाते. लोकसाहित्य, पत्रे, बखरी आणि जमाखर्चाच्या चोपड्या यांचा वाङ्मयीन अभ्यास आपण केला आहे. या वह्या गोळा करण्याचे काम एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी आणि समाजशास्त्र विभागांना मिळून करता येईल. त्यासाठी रुग्णाची संमती आणि नावे वगळण्याची दक्षता घ्यावी लागेल, आणि पहिली वही मिळवण्यासाठी धर्मशाळेच्या ओसरीवर बरेच दिवस बसावे लागेल.